मोठीचं नाव

गुरुवारी नळाची पाळी होती. यवतमाळात दारव्हा रोडच्या त्या कॉलनीत आठ दिवसांतून एकदा पाणी यायचं, आणि ते आलं की घरातल्या बाईनं बाकीचं जग खुंटीला टांगून ठेवायचं, असा तिथला रिवाज होता. ती मोरीत ड्रममध्ये नळी सोडून उभी होती, तेव्हा ओट्यावरचा मोबाइल वाजला. तिचा मुलगा रजत पांढरकवड्याहून बोलत होता. तो पुण्याहून रजा टाकून सासुरवाडीला आला होता. त्याची बायको सलोनी पहिलटकरीण, माहेरी बाळंत झाली होती, मुलगी झाली होती आणि रविवारी बारसं होतं. "आई, नाव ठरलं," तो म्हणाला. "स्पीकरवर टाक, बाबांना पण ऐकू दे." तिनं ओल्या बोटानं कसाबसा स्पीकर लावला. "आम्ही तुझंच नाव ठेवतोय. अनसूया. अनुसया नाही हं, आपण चुकीचं म्हणतो. मूळ संस्कृत आहे. सलोनीनं नेटवर अर्थ काढला. अन् अधिक असूया. असूया म्हणजे हेवा, मत्सर. जिच्या मनात कुणाबद्दल मत्सर नाही, ती. तूच की गं." मागून सलोनीचा आवाज आला, की आई, आता जुनी नावंच चालतात, माझ्या दोन मैत्रिणींनी मुलींची नावं आज्यांचीच ठेवली. ती "हो का" म्हणाली. मग तिनं सहज पुढच्या खोलीत पाहिलं. भगवानरावांनी पेपर मांडीवर ठेवला होता आणि चष्मा काढून दुपट्ट्याच्या टोकानं ते डोळे पुसत होते. "चांगलं नाव हाय," ते म्हणाले. स्वतःची आई गेली तेव्हा या माणसानं तिरडीची दोरी कोरड्या डोळ्यांनी आवळली होती. ड्रम भरून वाहायला लागला होता, पाणी तिच्या पावलांवरून मोरीबाहेर चाललं होतं, आणि पाणी गार आहे हे तिला बऱ्याच वेळानं कळलं.

नंतर तिनं फरशी पुसली. पुसणं पिळलं, पुन्हा पुसलं. चहा केला. भगवानराव म्हणाले, साखर जास्त झाली, म्हणजे रोज म्हणायचे तेच म्हणाले. मुलीला आजीचं नाव मिळतंय म्हटल्यावर दुसरी बाई शेजारपाजारी सांगत सुटली असती, आणि हिलाही शेजारी होते, गप्पिष्ट होते, कुंपणापाशी उभेही होते. तिला आनंद झाला नव्हता. वाईटही वाटलं नव्हतं, हेच तिला जरा चमत्कारिक वाटलं. मागं दाढ काढताना डॉक्टरनं सुई दिली होती, तेव्हा गाल आपला असून आपला राहिला नव्हता. तसं आता सगळ्या अंगाचं झालं होतं. बोट लावलं तर लागलेलं कळायचं, पण कुणा दुसऱ्याला लागल्यासारखं. तिचा हिशेब साधा होता: नाव तिचं नव्हतं, तेव्हा मानही तिचा नव्हता, आणि डोळ्यांतलं पाणी तर नाहीच नाही. ते ज्या बाईसाठी आलं होतं, ती जाऊन अडतीस वर्षं झाली होती.

आता हे सांगायला हवं. भगवानराव बिजवर होते. पहिली बायको लग्नानंतर अडीच वर्षांनी काविळीनं गेली, बाविसाव्या वर्षी, पोटी मूल नव्हतं. तिला घरात सगळे मोठी म्हणत. मोठीचं पातेलं, मोठीची साडी, मोठीनं लावलेला कडुनिंब. मुलांनाही एवढंच ठाऊक होतं, की बाबांची आधी एक बायको होती आणि ती मोठी. मेलेल्या माणसाचं पोरांपुढं कोण नाव घेतं, तेव्हा मोठीला नाव असेल हे त्यांच्या डोक्यातही कधी आलं नसेल. होतं. अनुसया. तिच्या आईबापांनी माहूरच्या गडावर नवस केला होता आणि तिथल्याच देवीचं नाव मुलीला दिलं होतं. आणि ही जी मोरीत उभी होती ती झरी जामणीकडल्या एका खेड्यातल्या कास्तकाराची पाचवी मुलगी, पाचवी म्हणून पंचफुला. पाच वेळा मुलगी झाली तरी बापानं तिला फूलच म्हटलं, याबद्दल त्या माणसाचं कौतुकच करायला पाहिजे. त्या काळी त्या बाजूला पाचव्या मुलीला काय काय म्हणत होते ते ऐकलेलं बरं. घरात फुला. शेतात, विहिरीवर, शाळेच्या हजेरीत, सगळीकडं फुला. एकोणिसाव्या वर्षापर्यंत.

लग्न बोरी अरबला झालं, मुलाच्या दारी, बिजवराचं म्हणून आटोपशीर. सप्तपदी झाली आणि तांदळाचं ताट पुढं आलं. नवऱ्यानं अंगठीनं तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं. ती डोक्यावरचा पदर सावरून वाट पाहत बसली होती. तिनं मनात दोन-तीन नावं योजून ठेवली होती, माधुरी तर फारच आवडलं होतं, पण आपल्याला कुणी विचारणार नाही हेही ठाऊक होतं. तेवढ्यात सासू, तानाबाई, मागून म्हणाली, "बाप्पा, नवं नाव कायले? राशन कार्डावर अनुसया हाय, मतदार यादीत अनुसया हाय. आता खोडाखोड कराले तहसीलीत चकरा कोण मारन? तेच लिव्ह." मोठी गेल्याची नोंद कुणी केलीच नव्हती. माणूस गेल्याच्या गडबडीत राहून गेली, पुढं कापूस वेचायला आला, मग राहूनच गेली. कागदावर मोठी नांदत होती. बबनराव नावाचे एक चुलतसासरे म्हणाले, "म्हातारीचं बराबर हाय. वयातबी चार-पाच वर्साचाच फरक हाय, कोठी अडत नाई," आणि सगळ्यांना ते इतकं पटलं की हसूसुद्धा आलं नाही. भगवानरावांनी अंगठी हातात धरून ठेवली. पुष्कळ वेळ धरली. भटजींनी घसा खाकरला. मग त्यांनी लिहिलं आणि ती शेजारून वाकून आपलं नाव वाचू लागली, तर ते तिच्या आधी कुणी वापरून ठेवलेलं होतं.

तांदळातली ती अक्षरं तिला आज गुरुवारी पुन्हा दिसली आणि त्यात एक नवीच गोष्ट दिसली. भगवानराव जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीचे मास्तर. ऱ्हस्व-दीर्घासाठी त्यांनी पोरांचे कान इतके पिळले होते की जुने विद्यार्थी बसस्टँडवर भेटले तरी आधी कानाला हात लावत. हा माणूस अनसूया न लिहिता अनुसया लिहितो, हे कसं? रजतला नेटवर जे कळलं, ते यांना तेव्हा ठाऊक नव्हतं असं होणारच नाही. त्यांनी चुकीचं लिहिलं कारण मोठीला तसंच म्हणायचे. त्यांनी नवीचं नाव लिहिलं नव्हतं. त्यांनी मोठीला तांदळात एकदा शेवटची हाक मारली होती, आणि नवी शेजारी बसून ती आपल्यालाच समजून बसली होती. ती भाजी चिरत होती. तिनं भाजी चिरून झाल्यावर विळी उभी करून ठेवली आणि पाटावर बसून राहिली.

नावाखाली राहणं तसं अवघड नव्हतं. साडीसारखं असतं ते, चार दिवसांत अंगाला बसतं. पहिल्या वर्षी बायका नवी अनुसया म्हणत, मग नवी गळून पडली. कागद आपोआप पुढं सरकले. राशन कार्डावरून मतदार ओळखपत्र आलं, त्यावरून आधार आलं, आणि त्यावर मोठीची जन्मतारीख आली, अकरा जून. दरवर्षी अकरा जूनला रजत सकाळी फोन करून वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो, सोनू, म्हणजे रजतची धाकटी बहीण, दिग्रसहून साडी पाठवते, आणि ही दुसऱ्या बाईचा वाढदिवस शिरा करून साजरा करते. तिचा स्वतःचा जन्म कुठल्या तरी पोळ्याच्या करीचा, तारीख कुणाला माहीत. मंगळसूत्रात चांदीचा इवलासा टाक होता, सवतीचा. तो घातला की गेलेली बाई त्रास देत नाही म्हणत. मोठीनं तिला काही त्रास दिला नाही, हे कबूल करायला पाहिजे. फक्त पितृपक्षात अहेव नवमीला, सवाष्ण मेलेल्या बायकांच्या त्या दिवशी, एक सवाष्ण जेवू घालायची असे. भटजी तोंडातल्या तोंडात विचारायचे, कोणाच्या नावानं? आणि ती हातात पाणी घेऊन म्हणायची, अनुसयाच्या. पहिल्या वर्षी तिच्या अंगावर काटा आला होता. दुसऱ्या वर्षी थोडा कमी. दहाव्या वर्षी तिच्या मनात एवढंच होतं, की वड्याला तेल जास्त लागलं.

आणि लोक तिची स्तुती करायचे. सवतीच्या फोटोला स्वतः हार घालते म्हणायचे. सवतीच्या आईबापांना दिवाळीला बोलावते, त्यांच्या पाया पडते, कधी तोंड वाकडं नाही. मोठीची आई तर तिच्या गळ्यात पडून रडली होती आणि तिला अनू म्हणाली होती, आणि हिनं त्या म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवला होता. तानाबाई मरताना म्हणाली, "नावाले जागली वं माय." तेव्हा तिला त्या वाक्याचा अर्थ लागला नव्हता, नावाला जागायचं म्हणजे काय, कोणाच्या नावाला? लग्नानंतर महिनाभरानं सासूनं तिला माहूरला नेलं होतं. रेणुकेचा डोंगर झाला, दत्ताचं शिखर झालं, मग अनसूयेच्या टेकडीवर गेल्या. पायऱ्यांवर एक म्हातारा कथा सांगत होता, की तिन्ही देव भिकाऱ्यांच्या रूपानं तिच्या दारी आले आणि नग्न होऊन भिक्षा वाढ म्हणाले, आणि तिनं तीर्थ शिंपडून तिघांची तान्ही बाळं केली. सासूनं हात जोडले. हिच्या मनात आलं होतं, की त्या बाईला कुणी विचारलं का, तुला काय वाटलं म्हणून? देव आले, परीक्षा घेतली, बाळं झाले, पुन्हा देव झाले, वर देऊन गेले. मध्ये तिचं काय झालं ते कथेत नव्हतं. पण तिच्या मनात हेवा नाही एवढं मात्र जगाला ठाऊक होतं, आणि तेच तिचं नाव झालं होतं.

शुक्रवारी तिनं गच्चीवर तुरीची डाळ वाळत घातली. कॉलनीच्या मागं जिथं पूर्वी कपाशीचं वावर होतं तिथं आता मंगल कार्यालय होतं, आणि तिथून कुणाच्या तरी लग्नाचा बँड ऐकू येत होता. तिनं आजूबाजूला पाहिलं, कुणी नव्हतं, आणि हळूच म्हणून पाहिलं, पंचफुला. मग, फुला. मग जरा मोठ्यानं, जशी तिची आई बांधावरून हाकारायची तशी, फुले वं. काही झालं नाही. ती वाट पाहत राहिली. आतून ओ आली नाही. आई जाऊन अकरा वर्षं झाली, तिच्या मागं त्या नावानं कुणी बोलावलं नव्हतं. बहिणी होत्या, पण त्या फोनवर काय वं बाई म्हणत आणि दुखण्याखुपण्याचं बोलत. तिला वाटलं होतं, नाव उच्चारलं की काहीतरी हलेल, रडू तरी येईल. रडू यावं म्हणून तिनं बापाचा चेहरा आठवला, विहिरीचा रहाट आठवला, शाळेतल्या पाटीवरचा पं आठवला. सगळं आठवलं, नीट, कोरडं. मग तिला एक धाक वाटला, की रविवारी ते पोरीच्या कानात नाव सांगतील आणि गोष्ट कायमची होऊन जाईल. रजतला वाटतंय आईचं नाव पुढं चाललं, आणि पुढं चालणार मोठीचं. हिचं तर मागंच कुठं तरी राहिलं, तांदळाच्या ताटापाशी. उद्या ही मेली की अहेव नवमीला, नाहीतर जी कुठली तिथी येईल त्या तिथीला, अनुसयाच्याच नावानं पाणी सुटेल, आणि ते कुणाला पोचेल? या प्रश्नाला उत्तर देईल असा भटजी यवतमाळात नव्हता. रजतला सांगायला पाहिजे, तिनं ठरवलं, रविवारच्या आत सांगायला पाहिजे. ठरवतानाही तिला बाजाराची यादी करावी तसंच वाटत होतं.

पण आधी तिनं भगवानरावांना विचारलं. शनिवारी दुपारी ती तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत पुढच्या खोलीत बसली होती, ते खुर्चीवर. छत्तीस वर्षांत तिनं त्यांना भाजी कोणती करू याखेरीज फारसं काही विचारलं नव्हतं. "एक विचारू काय जी?" ती म्हणाली.

"विचार न."

"गुरुवारी तुमी रडले. कोणासाठी रडले?"

"पाणी येते डोळ्यांतून आजकाल. मोतीबिंदू पिकला."

"मोतीबिंदूनं फोनवर नाव आयकून पाणी येत नाई."

त्यांनी पेपर बाजूला ठेवून चष्मा काढला. मग बोलले, आणि एकदा बोलायला लागल्यावर एकदमच बोलले, वर्षानुवर्षांत बोलले नव्हते इतकं. "तिनं विचारलं होतं मले एक डाव. म्हणे, तुमी तर मास्तर, माह्या नावाचा अर्थ सांगा. मी फोड करून सांगतली, फळ्यावर सांगतो तशी. अन् अधिक असूया. तर हासत सुटली. हासू हासू खाली बसली. म्हणे, मंग हे नाव माह्यं नाईच, मी तर लय जळकुकडी हाव, तुमी शाळेतल्या बाईसंगं बोलले तरी माह्या पोटात आग पडते." त्यांच्या तोंडावर हसू होतं, बावीस वर्षांच्या बायकोचं हसू, ते त्यांनी अडतीस वर्षं जपून ठेवलेलं होतं. "चुकीचं नाव होतं बिचारीचं."

"मले नाई सांगतला कधी अर्थ."

"तू विचारला नाई."

हे खरं होतं. तिनं आणखी चार शेंगा सोलल्या. "अन् हाक? छत्तीस वर्सांत नावानं हाक नाई मारली मले. अवं म्हणता, आयकते का म्हणता. मले वाटलं, तुमच्या घरची रीत असन. पण सासूबाई सांगत होत्या, मोठीले तर वावरातून घरापर्यंत हाका मारत होते."

"त्या नावानं तुले नाई मारवली," ते म्हणाले. "ओठावर याचं. पण वाटे, तुलेबी खोटं पडन अन् तिलेबी."

"मंग दुसऱ्या नावानं माराची. माह्यं माहेरचं होतं न. लग्नपत्रिकेवर होतं. ध्यानात हाय?"

"हाय न," भगवानराव म्हणाले, आणि चष्मा लावून पेपर उचलला. "फुलाचं काहीतरी होतं."

तिला याचा राग यायला हवा होता. ती शेंगा सोलत राहिली, दाणे वाडग्यात पडत राहिले, आणि ती विचार करत राहिली ते मोठीचा. तर ती जळकुकडी होती. चिडायची, रुसायची, पोटात आग पडायची तिच्या. फोटोत तर कशी शांत बसली होती, हात गुडघ्यावर. या बाईला नाव चुकीचं मिळालं होतं आणि मग ते उतरवून हिला दिलं, आणि हिला मात्र अगदी मापात बसलं, लोकांनी तसं बोलूनही दाखवलं. तिला पहिल्यांदा शंका आली, की आपल्या मनात मत्सर नाही तो आपला गुण म्हणून नाही, तर ज्या जागी मत्सर असतो ती जागाच कुणी पुसून टाकली होती म्हणून. पण ही शंकाही फार दुखली नाही. तिनं तुरीच्या दाण्यांची आमटी केली. भगवानरावांनी दोनदा घेतली.

रविवारी सकाळी ते एसटीनं पांढरकवड्याला निघाले. रस्त्यानं सागाची पानं वाळून पडली होती, हैदराबादचे ट्रक ढाब्यांपुढं रांगेनं उभे होते. भगवानराव खिडकीशी बसले होते, त्यांनी नवा शर्ट घातला होता आणि दाढी दोनदा केली होती. सलोनीच्या घरी पोचल्यावर इहीणबाईंनी, सलोनीच्या आईनं, पायावर पाणी घातलं, हळदीकुंकू लावलं. माडीवरच्या खोलीत रजत स्टुलावर चढून भिंतीला सोनेरी कागदाची अक्षरं चिकटवत होता. 'अ', 'न' आणि 'सू' लागले होते. 'या' त्याच्या हातात होता. दुसरं कुणी नव्हतं. तिला वाटलं, आता नाही तर नाही. "रजत," ती म्हणाली, "हे नाव माह्यं नाई. मोठीचं हाय."

तो हसला, मग हसायचा थांबला. "म्हणजे मोठीचंही अनसूया होतं?"

"तिचंच होतं. कागदं बदलवा लागू नये म्हणून मले देलं. माह्यी जन्मतारीखबी तिचीच हाय."

रजत स्टुलावरून उतरला. तो शिकलेला, समजूतदार मुलगा होता. हातातलं अक्षर त्यानं स्टुलावर ठेवलं. मग विचारलं, "मग तुझं काय?"

"पंचफुला." तिनं सांगितलं, पण कुणा लांबच्या नातेवाइकाचा पत्ता सांगावा तसं.

"पंचफुला," तो म्हणाला. जपून म्हणाला, एखादी वस्तू फुटू नये म्हणून दोन्ही हातांनी धरावी तसं. तरी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि त्यानं ते लगेच आवरलं. "कधी सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाई," ती म्हणाली, आणि हे वाक्य आपण काल कुठं ऐकलं ते तिला आठवलं.

"काढू का हे? तू फक्त म्हण, आई. आत्ता काढतो. दुसरं ठेवू काहीतरी. तुझं ठेवू." तो खरंच काढणार होता, त्याचा हात 'सू'पर्यंत गेला होता. आता सगळं तिच्यावर आलं. तिला असं कधी कुणी विचारलं नव्हतं आणि विचारल्यावर काय करायचं असतं त्याचा सरावही नव्हता. तिनं आत शोधलं. हो म्हणण्यापुरतं काहीतरी सापडावं, थोडी आग, थोडा हट्ट, मोठीकडं होता त्यातला चिमूटभर, म्हणून तिनं मनापासून शोधलं. खाली बायकांचा आवाज वाढत होता. पाळण्याला झेंडूच्या माळा लागल्या होत्या. "राहू दे," ती म्हणाली. "तुमाले आवडलं न. अर्थ चांगला हाय." रजतच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. त्यानं ते लपवायचा प्रयत्न केला नाही, कारण आपल्याला तसं वाटलं हे त्याला कळलंच नव्हतं. तिला कळलं.

बारसं झालं. बाळाला पाळण्याखालून, पाळण्यावरून बायकांच्या हाती फिरवलं. मुलगी काळीसावळी होती, कपाळावर केस, मुठी घट्ट. सोनू आत्या म्हणून पाळण्यात वाकली आणि कानात कुर्र करून नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले, एवढ्या जोरात की ती ओरडली, मेली मी. घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली. ती परात घेऊन दाराशी उभी होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर घुगऱ्या ठेवत होती. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, अजून आजोबांनी पोरगी पाह्यलीच नाई, आणि पुरुषांच्या खोलीतून भगवानरावांना बोलावून आणलं. ते पाळण्यापाशी गेले. गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. खोलीत बायका गप्प झाल्या, कारण म्हातारा माणूस तान्ह्या पोराशी काय बोलतो ते ऐकायला सगळ्यांना आवडतं.

"अनुसया," ते म्हणाले. नु ऱ्हस्व. चुकीचं, जसं मोठीला म्हणायचे तसं. "अनुसया, ओ अनुसया. इकडं पाह्य न."

तो आवाज तिनं कधीच ऐकला नव्हता. ती ज्या माणसाबरोबर छत्तीस वर्षं राहिली त्याच्या गळ्यात असा आवाज आहे हे तिला ठाऊक नव्हतं. वावरातून घरापर्यंत पोचणारा, मऊ, जरा खट्याळ, पंचविशीतल्या पुरुषाचा आवाज. आणि तिनं काही ठरवायच्या आत तिच्या तोंडानं उत्तर दिलं. "काय जी?" ती म्हणाली आणि परातीसकट दोन पावलं पुढं आली.

आधी सोनू हसली, मग सगळी खोली. इहीणबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. "आई, तुले नाई वं," सोनू म्हणाली. "तिले."

हसू ओसरलं तरी ती तिथंच उभी होती. काहीतरी झालं होतं. तिला आधी वाटलं पित्त उसळलं, सकाळपासून पोटात चहाच होता. पण पित्त असं पेटत नाही. बेंबीपासून घशापर्यंत जळत चाललं होतं. मेलेल्या सवतीचा तिला कधी हेवा वाटला नव्हता. तिची साडी नेसताना नाही, तिचा टाक गळ्यात घालताना नाही, तिच्या वाढदिवसाचा शिरा खाताना नाही. आणि आता वाटला तो बारा दिवसांच्या नातीचा वाटला, जिनं अजून डोळे धड उघडले नव्हते, जिला एक हाक मिळाली होती आणि तिनं ती ऐकलीसुद्धा नव्हती. लाज वाटावी इतका वाटला. तिला लाज वाटली नाही. सगळं अंग एकाएकी तिचं झालं होतं, आणि ते दुखत होतं.

तिनं परात खाली ठेवली. बायकांमधून वाट काढत ती पाळण्यापाशी गेली. भगवानराव अजून वाकलेलेच होते. "मलेबी एक हाक मारा न जी," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मागच्या बायकांनाही ऐकू गेला. "माह्या नावानं."

ते उभे राहिले. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग बायकांकडं, मग पुन्हा तिच्याकडं. कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि कुणी साथ दिली नाही तसं थांबवलं. भगवानरावांचं तोंड उघडलं. ते आठवत होते, हे सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी आशेनं सोनूकडं पाहिलं, पण सोनूला काही ठाऊक नव्हतं, ती नुसतीच आईकडं पाहत होती. तेव्हा दारातून रजत पुढं झाला आणि त्यानं सांगायला तोंड उघडलं.

"तू नको सांगू," ती म्हणाली, आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.